रात्री हाक मारली तर कोण येईल?

मधली सुट्टी झाली होती. सातवीच्या वह्या पुढ्यात घेऊन मी शिक्षकखोलीत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या बाई अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्या आईंना आता चालता येत नाही. तेव्हा पंधरा दिवसांत त्यांना घेऊन जा."

"घेऊन जा म्हणजे? कुठं?"

"ते तुम्ही बघा. करारात अकरावं कलम आहे. वाचलं असेलच तुम्ही."

खरं सांगते, मी ते वाचलं नव्हतं. 'आधी सूचना नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं मुलांना रोज बजावणारी मी! पण आईला जिथं ठेवलं, त्या जागेचा सात पानांचा करार काही मी उघडून पाहिला नव्हता. सही दादानं केली होती. त्यानंही वाचला नव्हता. आणि जिला तिथं राहायचं होतं तिच्यापुढे तर तो कागद कुणी धरलाच नव्हता.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येणार आहे. आई असो, सासूबाई असोत, नाहीतर मूलबाळ नसलेल्या आत्या-मावशी. म्हणून आमची फजिती झाली ती सांगते, आणि त्यानंतर चौकशी करून जे कळलं तेही सांगते.

पडणं एका क्षणाचं

आई बोरिवलीला राहायची. बाबा गेल्यानंतरही तिथंच, एकटी. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दादा नोकरीनिमित्त बंगळूरला, मी इकडे मुलुंडला. "मी ठणठणीत आहे, तुम्ही आपापले संसार बघा," असं ती म्हणायची आणि आम्हीही ते सोयीनं खरं मानायचो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, सोमवारची पूजा आटोपून न्हाणीघरात गेली आणि ओल्या फरशीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पण घरी आल्यावर उठवायला, बसवायला, आंघोळ घालायला माणूस हवं. ब्यूरोमधून बाई लावली. बारा तासांचे दिवसाला आठशे रुपये, म्हणजे महिन्याचे चोवीस हजार. रात्रीसाठी दुसरी बाई, तिचेही तेवढेच. तीन महिन्यांत चार बाया बदलल्या. एकीचं पोर आजारी पडलं, एक गावाला गेली ती आलीच नाही, एकीला जिने झेपेनात. मी शाळा सुटली की मुलुंडहून बोरिवली गाठायची आणि रात्री परतायची. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचा मधुमेह, ह्यांचा डबा, या सगळ्यात माझीच कंबर मोडायची वेळ आली.

तेव्हा दादानं एक जागा शोधली. मुंबईपासून अडीच तासांवर. महिन्याला अठ्ठावीस हजार, अनामत दोन लाख. आम्ही बघायला गेलो. समोर डोंगर, बाग, झोपाळा, छोटंसं देऊळ. जेवणाच्या खोलीत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. वहिनी म्हणाल्या, "आपल्यालाच राहावंसं वाटतंय!" दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी उभं राहूनही आठवलं नाही.

नातेवाइकांत कुजबुज झालीच. "आईला वृद्धाश्रमात टाकलं." हा 'टाकलं' शब्द फार जिव्हारी लागतो. मूल पाळणाघरात आपण 'ठेवतो', वसतिगृहात 'घालतो', आणि म्हाताऱ्या माणसाला मात्र 'टाकतो'. या एका शब्दाच्या भीतीनं कितीतरी घरांत वेळेवर बोलणंच होत नाही. मग निर्णय घाईत होतो, इस्पितळातून घरी सोडण्याच्या दिवशी होतो, आणि घाईत करार कोण वाचतं?

अकरावं कलम

आठ महिने बरे गेले असं आम्ही समजत होतो. मग आईला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. डावा पाय उचलेना. त्यानंतर तो फोन. अकराव्या कलमात लिहिलं होतं, 'निवासी व्यक्ती स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकत असेल तोपर्यंतच निवास चालू राहील.' म्हणजे हिंडती-फिरती असेल तोवर आमची, अंथरुणाला खिळली की तुमची.

पुढं चौकशी करताना कळलं, की हे काही एकाच जागेचं नाही. मी फोन केले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रश्न असे, "चालतात ना?" आणि आपण तर नेमके चालता येईनासं झालं म्हणून जागा शोधत असतो!

आईला मुलुंडला आणलं. एका खोलीचा आणि हॉलचा आमचा फ्लॅट. हॉलमध्ये पलंग लावला, शिवणयंत्र गॅलरीत गेलं, मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात. आंघोळ घालताना पाहिलं, तर तिच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. मी विचारलं, "आई, हे कधीपासून? बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, रात्री हाक मारली तर कुणी यायचं नाही. तीस माणसांना एकच मुलगी. तीही दमून झोपलेली असायची. सकाळपर्यंत ओल्यातच पडून राहायचं. तुम्ही इतके पैसे भरता, तुम्हाला कशाला सांगून त्रास द्यायचा?"

दर रविवारी मी तिच्याशी व्हिडिओवर बोलत होते. मागं ती बाग दिसायची.

ही गोष्ट सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. रात्री पानं वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या वेळी काय करणार आहात, ते आत्ताच ठरवा. मला विचारून." मला उत्तर देता आलं नाही.

घरं चार तऱ्हांची

'वृद्धाश्रम' हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो. प्रत्यक्षात प्रकार वेगवेगळे आहेत, आणि आपल्याला कुठला हवा हे आधी ठरवलं तर निम्मी वणवण वाचते.

पहिला प्रकार निराधारांसाठीचा. महाराष्ट्र सरकारची वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ पासूनची. त्यात पुरुषांसाठी साठ आणि स्त्रियांसाठी पंचावन्न अशी वयाची अट ठेवलेली. पुढं १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. दोन्ही योजना स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवण्यासाठी आखलेल्या.

दुसरा, धर्मादाय संस्थांचा. माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम १९२७ सालचा. निराधार स्त्रिया आणि मुलांबरोबर वृद्ध स्त्रियांनाही तिथं आसरा मिळत आला आहे. अंधेरीत 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या जोगिणींचं वृद्धांसाठीचं घर आहे. या संघाची सुरुवात फ्रान्समध्ये १८३९ साली झाली, ती एका अंध, आजारी म्हातारीला स्वतःचा बिछाना देऊन. अशा संस्थांत सेवाभाव असतो, पण खाटा थोड्या आणि मागणी फार.

तिसरा प्रकार म्हणजे खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या सोसायट्या. पुण्याचं 'अथश्री' बऱ्याच जणींना ऐकून माहीत असेल. आपला फ्लॅट, आपलं कुलूप, भोजनालय आणि देखरेखीची सोय. धडधाकट जोडप्याला उत्तम. पण तिथंही जायच्या आधी विचारायला हवं, की उद्या दोघांपैकी एक आजारी पडलं तर दुसऱ्यानं काय करायचं?

आणि चौथा, ज्याला हल्ली 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात. राहणं, जेवण आणि त्याबरोबर अंगावरची कामं. आंघोळ, भरवणं, डायपर, औषधं, कूस बदलणं. आमच्या आईला हे हवं होतं आणि आम्ही तिला बागेसाठी पाठवलं होतं!

कायदा कुठवर येतो?

एका सहशिक्षिकेच्या यजमानांनी, ते वकील आहेत, मला कायद्याचं पुस्तक वाचायला दिलं. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' हे त्याचं लांबलचक नाव. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. आई-वडिलांना मुलं सांभाळत नसतील, तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, निकाल लागावा असं कलम आहे.

आपल्या दृष्टीनं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. या कायद्यात 'मुलं' म्हणजे फक्त मुलगा नव्हे. मुलगीही त्यात आहे, लग्न झालेली असली तरी. "मी पडले परक्या घरची" हे कायद्यापुढे चालत नाही. मला ते वाचून ओझं वाटलं नाही, उलट धीर आला. आईच्या बाबतीत बोलण्याचा मला हक्क आहे, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

याच कायद्याचं एकोणिसावं कलम वृद्धाश्रमांबद्दल आहे. दर जिल्ह्यात निदान एक, आणि त्यात गरीब अशा किमान १५० ज्येष्ठांची सोय. वाचायला छान. पण शब्द नीट पाहा, 'राज्य सरकार स्थापन करू शकेल' असं म्हटलं आहे, 'स्थापन करील' असं नव्हे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हा फरक लगेच टोचतो.

मग आपल्यासारख्या, धड गरीबही नाही आणि धड श्रीमंतही नाही अशा घरांचं काय? श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. न्यायाधिकरण जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये देववू शकतं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. ती फार मोलाची आहे, ज्यांनी कार्ड काढलं नसेल त्यांनी जरूर काढावं. पण ती इस्पितळात दाखल झाल्यावरची. घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायला जे माणूस लागतं, त्याचा पगार कुठल्याच योजनेत बसत नाही.

ज्येष्ठांसाठी म्हणून घरं विकणाऱ्या बिल्डरांसाठी महारेरानं २०२४ मध्ये नियम घालून दिले. लिफ्ट हवी, व्हीलचेअर जाईल असे ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे हवेत, न्हाणीघरात धरायला दांडे हवेत. बोरिवलीच्या न्हाणीघरात तसा एक दांडा असता तर, असं मला आजही वाटतं. म्हणजे दरवाजा किती रुंद हवा ते ठरलं. पण रात्री किती माणसांमागे किती मावश्या हव्यात, पैसे घेऊन निवास चालवणाऱ्यानं नोंदणी केलीच पाहिजे का, वर्षातून एकदा कुणी येऊन तपासणी करणार का, हे २००७ च्या कायद्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक मांडलं होतं. त्यात अशा निवासांची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष होते, दहा हजारांची मर्यादा काढायची होती, सून-जावयांनाही जबाबदारीत घ्यायचं होतं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं.

इतर देशांत काय करतात? इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक निवासाची सरकारी आयोग तपासणी करतो, त्याला शेरा देतो आणि तो शेरा कुणालाही वाचता येतो. आमच्या शाळेची तपासणी होते तशीच म्हणा ना! जपाननं २००० साली काळजीचा विमाच काढला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा. म्हातारपणी किती मदत लागते ते तपासून मग घरी किंवा निवासात सेवा मिळते, आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती. इतक्या माणसांचं म्हातारपण प्रत्येक घरानं आपापलं निस्तरायचं, आणि घर म्हणजे अर्थातच घरातल्या बाईनं!

बघायला जाल तेव्हा हे विचारा

दुसऱ्यांदा जागा शोधताना मी शाळेच्या वहीत प्रश्न लिहूनच घेतले. पाच ठिकाणी गेले. तोंडी 'हो हो, सगळं होतं' म्हणणारे पुष्कळ भेटले. प्रश्न लिहून दिले आणि उत्तर लिहून मागितलं की चेहरे बदलत. तीच खरी परीक्षा.

१. रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात? दिवसाचा आकडा सांगतील, तो ऐकून घ्या आणि पुन्हा रात्रीचाच विचारा.

२. चालता येईनासं झालं, विसरायला लागलं, नळीनं अन्न द्यावं लागलं, तर ठेवून घेणार का? त्याचे जादा पैसे किती?

३. 'घेऊन जा' म्हणायची वेळ आली तर किती दिवसांची मुदत देणार? पंधरा दिवसांत कुणालाही पर्यायी व्यवस्था करता येत नाही. निदान दोन महिने तरी लिहून घ्या.

४. अनामत रक्कम कधी, किती कापून परत मिळणार? आमचे एका महिन्याचे पैसे कापले गेले.

५. महिन्याच्या पैशांत काय काय येतं? डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची फेरी, कपडे धुणं. प्रत्येकाचा वेगळा आकडा.

६. अचानक दुखणं आलं तर कुठल्या इस्पितळात नेणार, गाडी कुणाची, आणि सोबत कोण जाणार?

७. न कळवता कुठल्याही वेळी भेटायला आलं तर चालेल का? 'नाही' म्हणाले तर तिथूनच मागं फिरा.

८. आत्ता अंथरुणावर असलेल्या एखाद्या आजींना मला भेटता येईल का? बाग नका बघू. त्यांची पाठ, नखं आणि पाण्याचा पेला हाताशी आहे का ते बघा.

पैसे देऊन घेतलेली ही सेवा आहे. लेखी दिलेलं पाळलं नाही तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी हाती कागद हवा. एखादी वृद्ध व्यक्ती एकटी, अडचणीत असल्याचं कळलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणखी एक. म्हातारपणीची सेवा शेवटी घराच्या किमतीतूनच होते. तेव्हा आई-वडिलांनी जिवंतपणी घर मुलांच्या नावे बक्षीसपत्रानं करताना 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्या पत्रातच घालावेत. २००७ च्या कायद्याचं तेविसावं कलम अशी अट मोडली तर ते पत्र रद्द करून देतं. पण अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मायेपोटी कोरी सही करू नये, हे आपल्या आईला सांगणं म्हणजे भावाविरुद्ध बोलणं नव्हे.

हिशेब आणि मावश्या

बोरिवलीचं घर आम्ही भाड्यानं दिलं. त्याचे वीस हजार, आईचं कौटुंबिक निवृत्तिवेतन पंधरा हजार. नव्या जागेचे महिन्याला चौतीस हजार, वर औषधं आणि डायपरचे सहा. पाच हजार कमी पडतात, ते दादा आणि मी निम्मेनिम्मे भरतो. माझा वाटा अर्धवेळ पगारातून जातो. ही रक्कम सगळ्यांना परवडणारी नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नियम आणि अनुदान दोन्हीसाठी आपापल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं, महिला मंडळानं आमदार-नगरसेवकांना विचारत राहिलं पाहिजे. हळदीकुंकवाला आपण जमतोच, त्यातली दहा मिनिटं या विषयाला द्यायला काय हरकत आहे?

पहिल्या जागेतल्या त्या रात्रीच्या मुलीचा मला फार राग आला होता. पुढं ब्यूरोच्या एका मावशींनी मला त्यांचा दिवस सांगितला. टिटवाळ्याहून पहाटेची गाडी, बारा तास उभ्यानं काम, परतल्यावर घरचा स्वयंपाक. ब्यूरोचं कमिशन जाऊन हाती पडतं ते थोडंच. तीस जणांना एकटीनं सांभाळणाऱ्या मुलीनं झोपू नये, असं म्हणणारी मी कोण? चूक तिची नव्हती. तिला एकटीला ठेवणाऱ्याची होती, आणि न विचारणाऱ्या आमचीही.

आईचा प्रश्न

डोंबिवलीच्या पुढं एक लहानशी जागा मिळाली. तळमजला, चौदा माणसं, निवृत्त परिचारिका चालवतात. बाग नाही, समोर रिक्षांचा थांबा. या वेळी आम्ही आईलाच बरोबर नेलं, व्हीलचेअरवर बसवून. करार तिच्या हातात दिला. चष्मा पुसून तिनं चारही पानं वाचली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "रात्री हाक मारली तर कोण येईल?"

त्या बाई हसल्या नाहीत की 'काळजी करू नका आजी' म्हणाल्या नाहीत. त्यांनी रात्रपाळीच्या दोन मावश्यांची नावं सांगितली, उशाशी असलेली घंटा दाखवली आणि म्हणाल्या, "दोन रात्री राहून बघा. मुलीलाही राहू दे. मग सही करा."

आम्ही राहिलो. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास आईनं घंटा वाजवली. मी मुद्दाम उठले नाही. मावशी आल्या, दिवा लावला, "काय हो आजी?" म्हणाल्या. मी अंधारात घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती. सकाळी आईनं स्वतः सही केली. तिची सही मी कित्येक वर्षांनी पाहिली.

सगळं छान आहे असं नाही. वरण पातळ असतं म्हणते, शेजारच्या आजी रात्री बडबडतात. गेल्या महिन्यात रात्रीची एक मावशी सोडून गेली तेव्हा चार दिवस ओढाताण झाली. पण ते आम्हाला त्याच दिवशी कळवलं. आई आता सांगते, तक्रारही करते, आणि ती तक्रार ऐकून मला बरं वाटतं. मी रविवारी जाते, कधी दुपारी, कधी अचानक संध्याकाळी. पाठीची जखम भरली आहे.

परवा कपाट आवरताना सासूबाईंच्या पासबुकात घडी घातलेला एक कागद दिसला. माझ्याच वहीतले ते आठ प्रश्न, त्यांनी आपल्या अक्षरात उतरवून घेतले होते. खाली नववा त्यांचा स्वतःचा होता.

'९. मला विचारलं का?'

त्या रात्री आमच्याकडे जेवणं झाल्यावर टीव्ही लागला नाही. हे, मी आणि सासूबाई बोलत बसलो. त्यांना काय हवं, काय नको, ते सगळं त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. तुमच्याही घरी एकदा असं बसा. पडायच्या आधी.